प्रथम वर्षाच्या इंग्रजीच्या तासाला मुलांना वाचू द्या, लिहू द्या

बडोद्यातल्या कॉलेजांत प्रथम वर्षाला इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना खुलं पत्र

प्रिय प्राध्यापक मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मी अर्थशास्त्र शिकवते. तुमच्या विषयात मी का बोलावं, हा प्रश्न तुम्हाला पडला तर तो रास्तच आहे. पण तुमच्याकडे प्रथम वर्ष काढलेली मुलं दुसऱ्या वर्षी माझ्यासमोर येऊन बसतात. मी त्यांना संदर्भग्रंथातलं एक प्रकरण वाचून यायला सांगते आणि पुढच्या तासाला मोजकीच मुलं ते वाचून आलेली असतात. बाकीच्यांना आळशी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मला ते जमत नाही, कारण त्यांची पुस्तकं मी हातात घेऊन पाहिली आहेत. पहिल्या पानावर जवळजवळ प्रत्येक ओळीत, शब्दांच्या डोक्यावर, पेन्सिलीने बारीक अक्षरांत अर्थ लिहिलेले असतात. कुणाचे गुजरातीत, कुणाचे मराठीत. दुसऱ्या पानावर ते विरळ होत जातात. तिसरं पान कोरं असतं. मूल प्रयत्न करून तिथे थांबलेलं असतं.

म्हणून हे पत्र. आणि मराठीतून, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जण दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या मराठी घरांतले आहात, आणि आपल्या समाजात शिक्षणाबद्दल जे बोलणं घरोघरी चालतं ते याच भाषेत चालतं.

माझी मागणी एकच आहे. प्रथम वर्षाच्या इंग्रजीच्या तासातला निम्मा तरी वेळ मुलांच्या स्वतःच्या वाचनाला आणि स्वतःच्या लिखाणाला द्या, आणि गुणही त्याच कामाला द्या. धडा समजावून सांगणं, लेखकाचा परिचय, सारांश, संभाव्य प्रश्नांची उत्तरं, हे सगळं उरलेल्या वेळात बसवा. बसलं नाही तर राहू द्या.

आपल्या गावाची परिस्थिती वेगळी आहे हे मी तुम्हाला नव्याने सांगायला नको. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 मध्ये सुरू झालं. गुजरातमधली बहुतेक विद्यापीठं पुढे गुजराती माध्यमाकडे वळली, इथे इंग्रजी टिकलं. यामुळे बडोद्याला देशभरातून विद्यार्थी आणि शिक्षक मिळाले, हा फायदा मोठा आहे. पण त्याची किंमत मोजते ती पादरा, डभोई, सावलीच्या शाळेतून किंवा आपल्याच गल्लीतल्या गुजराती, मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेली मुलगी. बारावीपर्यंत तिने इंग्रजी हा एक पेपर म्हणून दिलेला असतो. निबंध पाठ, अर्ज पाठ, उताऱ्याखालच्या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यात कुठल्या ओळीत सापडतं याची युक्ती पाठ. जून-जुलैमध्ये ती कॉलेजात येते आणि एकदम सगळे विषय इंग्रजीत. त्या वेळी तिच्या आणि बाकीच्या सगळ्या अभ्यासाच्या मध्ये उभा असलेला एकच तास तुमचा आहे. माझा नाही, इतिहासवाल्यांचा नाही, मानसशास्त्रवाल्यांचा नाही. आम्ही सगळे गृहीत धरतो की तिला वाचता येतं.

वाचता न येणं म्हणजे नेमकं काय, हे मला माझ्याच विषयाच्या एका वाक्यावरून कळलं. शनिवारी तास संपल्यावर काही मुलं विभागात थांबतात आणि आम्ही एखादं पान सोबत वाचतो. त्या दिवशी ग्रामीण कर्जाबद्दलचा उतारा होता. वाक्य असं: 'द फार्मर्स हू हॅड बॉरोड फ्रॉम द मनीलेंडर सोल्ड देअर लँड.' मी विचारलं, जमीन कुणी विकली? चौघांपैकी तिघांनी सांगितलं, सावकाराने. यातला एकही शब्द त्यांना अनोळखी नव्हता. शब्दकोश उघडायची गरजच नव्हती. चूक झाली ती वाक्याच्या बांधणीत. मराठीत आणि गुजरातीत आपण म्हणतो, सावकाराकडून कर्ज घेतलेल्या शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या. शेतकऱ्यांची सगळी माहिती आधी येते, मग शेतकरी, आणि क्रियापद सगळ्यांत शेवटी. इंग्रजीत शेतकरी आधी येऊन उभे राहतात, त्यांची माहिती मागून येते, आणि 'सोल्ड'पाशी पोचेपर्यंत डोळ्यांना सगळ्यांत जवळ सावकार असतो. मुलं त्यालाच धरतात. मग पुढचा सगळा परिच्छेद उलटा लागतो, सावकार गरीब होत जातो, आणि मुलं समजूतदारपणे मान डोलावतात.

मी त्यांना पेन्सिलीने दोन तिरक्या रेघा मारायला सांगितल्या. 'द फार्मर्स', रेघ. 'हू हॅड बॉरोड फ्रॉम द मनीलेंडर', रेघ. 'सोल्ड देअर लँड'. मग मी ते वाक्य त्याच तुकड्यांनी मोठ्याने वाचलं, मधला तुकडा जरा खालच्या आवाजात. एका मुलाच्या चेहऱ्यावर ते उमटलेलं मी पाहिलं. त्याने लगेच पुढच्या वाक्यात स्वतः रेघा मारल्या आणि दोन्ही बरोबर पडल्या. अशी वाक्यं एका वेळी दहा वाचली की पुढे रेघा लागत नाहीत. पण ती दहा वाक्यं, मग शंभर, मग हजार, ही त्याच्या डोळ्यांखालून जायला हवीत. 'रिलेटिव्ह क्लॉज', म्हणजे 'हू'ने सुरू होणारा तो मधला तुकडा, याची व्याख्या त्याला बारावीत येत होती, पाच गुणांची.

शब्दांचाही प्रश्न आहेच, तो मी टाळत नाही. पण त्यात थोडं गणित आहे आणि ते आशादायक आहे. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं आहे की मजकूर मदतीशिवाय नीट समजायचा असेल तर त्यातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे 300 शब्दांच्या पानावर सहा अनोळखी शब्द चालतात. ते संदर्भावरून लागतात. 30 असले तर वाचन संपतं आणि उत्खनन सुरू होतं. आता प्रथम वर्षाच्या पाठ्यपुस्तकातलं कुठलंही पान आपल्या वर्गातल्या मधल्या बाकावरच्या मुलाला द्या आणि अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगा. रेघा मोजा. मी सांगण्यापेक्षा ते पान जास्त स्पष्ट सांगेल.

आशा यात की इंग्रजीत वारंवार येणारे शब्द फार नाहीत. मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केलेली सुमारे 2000 शब्दांची यादी तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतर 2000 मध्ये अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी कॉलेजच्या पुस्तकांत विषय कोणताही असो, सतत भेटणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं यांची, यादी केली. शैक्षणिक मजकुरातला जवळपास दहावा हिस्सा त्यांनी व्यापलेला असतो. माझ्या पुस्तकांत मुलं अडतात ते 'इलॅस्टिसिटी'सारख्या अर्थशास्त्राच्या शब्दावर नाही, तो मी शिकवते. अडतात ते या 570 पैकी शब्दांवर, जे शिकवणं कुठल्याच विभागाला आपलं काम वाटत नाही. पण याद्या पाठ करायला दिल्या की त्यांचीही घोकंपट्टी होईल. हे शब्द वाचनातच पुन्हा पुन्हा भेटले पाहिजेत, दर वेळी वेगळ्या वाक्यात.

याच वेस्ट यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट. ते 1920 च्या दशकात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजात होते आणि बंगालमधल्या मुलांना इंग्रजी कशासाठी शिकवायचं यावर त्यांनी खोल विचार केला. त्यांनी विम्यातला एक शब्द उचलला, सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मुदतीआधी बंद केली तर हाती काय पडतं? तसंच, मुलाने मध्येच शिक्षण सोडलं तर तोवर शिकलेल्या इंग्रजीतून त्याच्या हाती काय उरतं? त्यांचं उत्तर होतं, वाचता येणं. ते आधी शिकवा, कारण अर्ध्यावर सुटलेल्या मुलालाही ते पुढे आपलं आपण वाढवता येतं. आपल्याकडच्या किती मुलांसाठी प्रथम वर्षाचं इंग्रजी हा आयुष्यातला इंग्रजीचा शेवटचा अभ्यासक्रम असतो! त्यानंतर कोणी बँकेच्या परीक्षेला बसतं, कोणी मकरपुऱ्यात कारखान्याच्या ऑफिसात लागतं, कोणाचं लग्न होतं. कवितेतल्या रूपकांवरचं पाच गुणांचं उत्तर त्यांच्या हाती उरत नाही. नेमणूकपत्र, सरकारी योजनेचं परिपत्रक, औषधाच्या खोक्यातला कागद, मुलाच्या शाळेची नोटीस हे कुणाला न विचारता वाचता येणं उरू शकतं.

म्हणून सोपी पुस्तकं द्या. खूप सोपी. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण खरी अडचण इथे आहे आणि ती लाजेची आहे. कॉलेजात आलेल्या मुलाच्या हाती मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं पातळ पुस्तक दिलं तर तो ते वहीखाली झाकतो. मैत्रिणीने पाहू नये असं त्याला वाटतं. आणि तुमच्यापैकी काही जणांनाही वाटतं की विद्यापीठाच्या पातळीवर हे शोभत नाही, अभ्यास मंडळ काय म्हणेल. मला या दोन्ही संकोचांबद्दल आदर आहे. पण ज्याला पानावर 30 शब्द अडतात त्याला अवघड पुस्तक देऊन त्याची पातळी वाढत नाही. तो फक्त गाईडकडे ढकलला जातो. गाईडमधला सारांश मात्र सोप्या इंग्रजीत असतो, म्हणजे सोपं इंग्रजी तो वाचतोच आहे, फक्त लपून आणि दुसऱ्याने चघळलेलं. त्यापेक्षा उघडपणे, वर्गात, सगळ्यांनी एकाच वेळी सोपी पुस्तकं वाचली तर लाज कुणाची कुणाला वाटणार? शिक्षकानेही त्या वीस मिनिटांत खुर्चीत बसून एक पुस्तक वाचावं. मुलं ते बघतात.

फिजी बेटांवर 1980 च्या सुमारास असाच प्रयोग झाला होता. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत, चौथी-पाचवीच्या प्रत्येक वर्गात गोष्टींची अडीचशे पुस्तकं ठेवली. मुलं काही फिजीयन, काही भारतीय वंशाची. घरी इंग्रजी कुणाच्याच नाही. काही वर्गांत मुलांनी फक्त रोज स्वतःशी वाचायचं, काहींत शिक्षकाने गोष्ट मोठ्याने वाचून त्यावर बोलायचं, आणि काही वर्ग नेहमीच्या पद्धतीने चालले. आठ महिन्यांनी पुस्तकं मिळालेल्या वर्गांचं वाचन नेहमीच्या वर्गांच्या जवळपास दुप्पट वेगाने पुढे गेलेलं दिसलं. ती लहान मुलं होती, आपली सतरा-अठराची आहेत, हे खरं. पण आपल्या मुलांना दोन भाषांत वाचता येतं, जगाचं ज्ञान आहे, गरज आहे. त्यांच्याकडे जास्तच आहे.

वेळ कुठून आणायचा? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात भाषा-कौशल्यांच्या अभ्यासक्रमांना पदवीत एकूण किमान आठ क्रेडिट दिले आहेत. सत्राला दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम धरला तर 30 तास होतात. प्रत्येक तासातली फक्त वीस मिनिटं शांत वाचनाला दिली तरी सत्रात दहा तास वाचन होतं. इंग्रजी मातृभाषा असलेला प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे 240 शब्द वाचतो. आपली मुलं सोप्या मजकुरातही 60 शब्दांनी सुरुवात करतील असं धरू. तरी दहा तासांत 36,000 शब्द होतात. पातळ गोष्टींची पाच-सहा पुस्तकं. ज्या मुलाने आयुष्यात एकही इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नाही, त्याच्या नावावर डिसेंबरपर्यंत पाच पुस्तकं जमा होतील. त्याचा स्वतःबद्दलचा समज बदलायला एवढं पुरतं.

वाचल्यावर बोलणं मात्र त्यांना त्यांच्या भाषेत करू द्या. या मुद्द्यावर तुमच्यात मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे. वर्गात फक्त इंग्रजी, असा नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण त्या नियमाने बोलतात ती चार मुलं, जी आधीच बोलत होती. बाकीची गप्प बसतात आणि त्यांना काय समजलं हे शिक्षकाला कधीच कळत नाही. सावकाराने जमीन विकली हे मला कळलं ते मुलांनी गुजरातीत सांगितलं म्हणून.

आता नोट्सबद्दल. तुम्ही म्हणाल, मुलांनाच नोट्स हव्या असतात. आयएमपी, म्हणजे परीक्षेला येतील असे महत्त्वाचे प्रश्न, दिले नाहीत तर तक्रार होते. खरं आहे, आणि हे आजचं नाही. अरविंद घोष 1893 ते 1906 बडोदा संस्थानच्या सेवेत होते आणि त्यातली बरीच वर्षं बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, ज्या घुमटाच्या इमारतीत आज कला शाखा भरते तिथेच. पुढे पाँडिचेरीत शिष्यांशी बोलताना त्यांनी त्या दिवसांची आठवण सांगितली होती. मुलं त्यांचा शब्द न् शब्द उतरून घेत आणि पाठ करत, याचं केंब्रिजहून आलेल्या त्या तरुण प्राध्यापकाला नवल वाटे. शिवाय मुंबईच्या प्राध्यापकांच्या नोट्स मिळवल्या जात, विशेषतः तो प्राध्यापक परीक्षक असण्याची शक्यता असेल तर. एकदा त्यांचं विवेचन पुस्तकामागच्या टिपांशी जुळेना म्हणून मुलांनी विचारलं, तेव्हा आपण त्या टिपा वाचलेल्याच नाहीत असं त्यांनी सांगून टाकलं. सव्वाशे वर्षं झाली. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षा मुंबईहून ठरत होती तेव्हा ती मुंबईच्या नोट्स पाठ करत होती. आज परीक्षा जे मागते तेच आजची मुलं पाठ करतात. परीक्षेने न पाहिलेला उतारा आणि स्वतःचा परिच्छेद मागितला तर मुलं त्याची तयारी करतील. मुलं परीक्षेच्या बाबतीत कधीच चुकत नाहीत.

लिखाणाबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे. माझ्या विषयाची उत्तरपत्रिका तपासताना मला एकच वाक्य तीस-चाळीस उत्तरपत्रिकांत जसंच्या तसं सापडतं, स्वल्पविरामासकट. ते वाक्य लिहिणाऱ्या मुलांकडे स्वतःचं काही सांगायला नाही असं मानून आपण पुढे जातो. शनिवारच्या बैठकीत वाडीतली एक मुलगी येते. तिला मी बडोद्यावर काहीही लिहायला सांगितलं तर तिने शाळेत पाठ केलेला निबंध लिहिला: संस्कारनगरी, सयाजीराव, लक्ष्मी विलास पॅलेस. चुका जवळजवळ नव्हत्या. मग मी म्हटलं, काल घरी जाताना रस्त्यात काय पाहिलंस ते लिही. जानेवारीचे दिवस होते. तिने गेंडीगेटजवळ पतंगाच्या दोरीला मांजा चढवणारे कारागीर पाहिले होते. तिने लिहिलं:

'टू मेन गो अँड कम, गो अँड कम. थ्रेड इज पिंक. हिज हँड इज क्लॉथ.'

तीन वाक्यं, त्यात मोजता येतील तेवढ्या चुका. पण ही तिची वाक्यं होती. ती माणसं मला दिसली, खांबापासून खांबापर्यंत येरझाऱ्या घालणारी. मी लाल पेन काढलं नाही. विचारलं, हाताला कापड का? ती मराठीत म्हणाली, लुगदीत काच असते ना, बोटं कापतात. मग हे लिही, म्हटलं. पुढच्या शनिवारी तिने लिहून आणलं: 'ही टाइज क्लॉथ ऑन हिज फिंगर्स बिकॉज द ग्लास इन द पेस्ट कट्स देम.' एक ठीकठाक, नेटकं, गुंतागुंतीचं इंग्रजी वाक्य. 'बिकॉज' तिला सातवीपासून येत होता. तो वापरायची गरज तिला आता पडली, कारण समोर कोणीतरी होतं ज्याला कारण जाणून घ्यायचं होतं.

मला वाटतं, प्रथम वर्षाच्या लिखाणाचा सगळा गाभा इथे आहे. मुलाने पाहिलेलं, केलेलं, घरात घडलेलं लिहायला सांगा. पहिला मसुदा वर्गात, हाताने, दहा-बारा मिनिटांत. त्यावर फक्त अर्थाचा प्रश्न विचारा: कुणी, का, मग काय झालं. दुसरा मसुदा पुढच्या तासाला, आणि त्यात एकाच प्रकारची चूक सुधारायची. या महिन्यात भूतकाळाची क्रियापदं, पुढच्या महिन्यात वाक्य कुठे संपतं ते. पानभर लाल खुणा असलेली वही मूल मिटून ठेवतं. एकच खूण असली तर ते बघतं. पहिला मसुदा वर्गातच होत असल्यामुळे मोबाइलमधून उतरवून आणलेल्या परिच्छेदांचा प्रश्नही बऱ्याच अंशी मिटतो. त्यावर बंदी, पहारा, सॉफ्टवेअर यात मी पडणार नाही. गेंडीगेटला काल संध्याकाळी काय दिसलं हे मोबाइलला माहीत नसतं.

एकशेवीस मुलांच्या वर्गात वह्या कशा तपासायच्या, हा तुमचा सगळ्यांत खरा आक्षेप. वर्षानुवर्षं भरती न झालेल्या जागा, एका शिक्षकावर पडणारे वर्ग, हंगामी नेमणुका, हे मी रोज पाहते. तरी एक हिशेब मांडते. वर्गाचे तीसतीसचे चार गट करा. दर आठवड्याला एकाच गटाच्या वह्या घ्या. आठ-दहा ओळींचा परिच्छेद, एकच खूण, एक प्रश्न. वहीला तीन मिनिटं धरली तर दीड तास. प्रत्येक मुलाची वही महिन्यातून एकदा, सत्रात तीन-चार वेळा शिक्षकाच्या नजरेखालून जाते. इतर आठवड्यांत मुलांनी एकमेकांच्या वह्या वाचायच्या आणि खाली एक प्रश्न लिहायचा. व्याकरण सुधारायला त्यांना सांगू नका, ते त्यांचं काम नाही. प्रश्न मात्र ती चांगले विचारतात. त्या मुलीला शेजारच्या मुलाने लिहून विचारलं होतं, कारागिराला दिवसाला किती पैसे मिळतात? पुढच्या मसुद्यात ती स्वतः जाऊन विचारून आली होती.

स्पोकन इंग्लिशबद्दल एवढंच म्हणेन की पालकांचा आग्रह तिकडे असतो हे कळतं, पण ज्याने वाचलेलं नाही त्याच्याकडे बोलायला पाच-सात तयार वाक्यांपलीकडे काही नसतं. मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला ती संपतात.

पुस्तकांसाठी लांब जायला नको. 1906 मध्ये सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचं केलं, आणि चारच वर्षांत, 1910 मध्ये, अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. कारण सरळ होतं: शाळेत अक्षरओळख झालेलं मूल पुढे वाचायला काही मिळालं नाही तर अक्षरं विसरतं. म्हणून गावोगावी वाचनालयं निघाली, पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यांत फिरत राहिल्या, मोतीभाई अमीनांसारख्या माणसांनी त्यात आयुष्य घातलं, आणि मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ज्याच्या काचेच्या लाद्यांतून खालच्या मजल्यावर उजेड उतरतो. प्रथम वर्षाच्या प्रत्येक तुकडीला पहिल्याच महिन्यात तिथे घेऊन जा. सभासद करा. बालविभागातली इंग्रजी पुस्तकं घ्यायला सांगा आणि तुम्ही स्वतः आधी एक घ्या. फिरत्या पेटीची कल्पनाही आपल्याला वापरता येईल: प्रत्येक वर्गात चाळीस-पन्नास पातळ पुस्तकांची एक पेटी, महिन्याने दुसऱ्या वर्गाच्या पेटीशी अदलाबदल. पुस्तकं हरवतील, फाटतील. तो खर्च धरून चालायचा.

गुणांचं काय करता येईल ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. माझ्या मते अंतर्गत गुण पूर्णपणे वाचननोंदीच्या वहीला आणि दोन-दोन मसुद्यांच्या परिच्छेदांना द्यावेत, आणि सत्रान्त पेपरात न पाहिलेला एक सोपा उतारा आणि स्वतःच्या अनुभवावरचा एक परिच्छेद असावा. ज्यांच्याकडे पेपर काढण्याचा अधिकार नाही त्यांनाही अंतर्गत गुणांपुरतं हे करता येण्यासारखं आहे.

अभ्यास मंडळाची पुढची बैठक नव्या तुकडीच्या आधी होईल. तिथे हे मांडा, एवढी विनंती. एका वर्गापुरतं करून बघू, असं ठरलं तरी पुष्कळ झालं. इतर विषयांच्या आम्हा शिक्षकांचाही यात वाटा असायला हवा. अर्थशास्त्रातले तीनशे शब्दांचे सोपे उतारे मी काढून द्यायला तयार आहे: भाजीचे भाव, बचतगट, दुधाची डेअरी, घरच्या कर्जाचे हप्ते. इतिहास आणि मानसशास्त्राच्या माझ्या मैत्रिणींनीही प्रत्येकी काही उतारे द्यायचं कबूल केलं आहे. वह्यांचा एक गट दर आठवड्याला माझ्याकडे पाठवा. शनिवारी दुपारी विभागात मी असते, मुलंही असतात. तुम्ही आलात तर एक पान सोबत वाचू.

आपली,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका
बडोदा